बादरंजबूया आणि आपला गवती चहा



हकिमी औषधांत बादरंजबूया नावाची एक वनस्पती आहे. इंग्रज तिला लेमन बाम म्हणतात. फारशीत बादरंग म्हणजे महाळुंग आणि बू म्हणजे वास. नावातच तिची ओळख आली. ती मूळची भूमध्य समुद्राकाठची आणि इराणकडची. फुलांवर मधमाश्या फार येतात, म्हणून ग्रीकांनी तिला मेलिसा, म्हणजे मधमाशी, म्हटलं. इ.स. 1037 मध्ये वारलेले थोर हकीम इब्न सिना यांनी मन प्रसन्न करणाऱ्या औषधांत तिची गणना केली.

आपलं धावडा आणि भोकरदनचा मुलूख 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. तिथं युनानी वैद्यकाला राजाश्रय होता. पण औषध यायचं ते वाळल्या पाल्याच्या रूपात, अन् वाळला पाला ओळखणं अवघड. त्यामुळं भारतात बादरंजबूयाच्या नावाखाली बिल्लीलोटन ही दुसरीच वनस्पतीही विकली गेली. नाव एक, माल दोन!

यातून आजही शिकण्यासारखं आहे. औषधी रोपं नुसत्या नावावर घेऊ नका. बादरंजबूयाचं खोड चौकोनी, पानं समोरासमोर, कडा कातरलेल्या. पान चोळलं की लिंबाचा वास येतो. या खुणा पटल्या तरच पैसे मोजा.

लावायचीच असेल तर परसात दोन कुंड्या पुरेत. बी फार बारीक असतं. थंडीच्या सुरुवातीला मातीवर पसरून हलकं दाबा, खोल पुरू नका. तिला थंड हवा मानवते, म्हणून उन्हाळ्यात सावलीत ठेवा अन् ओल टिकवा. फुलं येण्याआधी पानं खुडून सावलीत वाळवा. मात्र आपल्या कडक उन्हात तिच्यासाठी रान अडकवू नका.

लिंबाचा वास देणारं सिट्रल आपल्या गवती चहातही आहे. त्याच्या तेलात ते बहुधा 65 ते 85 टक्के असतं. पाऊस लागला की जुन्या ठोंबाचे फुटवे मुळांसकट वेगळे करून न्हाणीच्या पाण्यावर लावा. शेजाऱ्याकडून मिळतात, खर्च नाही. विकण्यासाठी मोठी लागवड करायची तर आधी गिऱ्हाईक पक्कं करा, मगच नांगर धरा.

दोन्हींचा काढा घरगुती आहे. डॉक्टरांचं औषध चालू असेल तर ते बंद करू नका.