विमानात मोबाईल चालू राहिला तर खरंच धोका असतो का? जाणून घ्या फ्लाइट मोडमागचं कारण

विमान उडायच्या आधी कर्मचारी सगळ्यांना मोबाईल फ्लाइट मोडवर टाकायला सांगतात. बरेच प्रवासी ऐकतात, काही जण फोन तसाच खिशात ठेवतात. तरीही विमान व्यवस्थित उतरतं. मग हा नियम नुसता नावाला आहे का? की एका फोनमुळे विमान खरंच कोसळू शकतं?

थोडक्यात उत्तर असं : प्रवाशाच्या मोबाईलमुळे मोठं प्रवासी विमान कोसळलं, हे आजवर कुठल्याही चौकशीत सिद्ध झालेलं नाही. पण फोनचा विमानातल्या यंत्रांवर काहीच परिणाम होत नाही, असंही नाही.

नियमाची सुरुवात रेडिओपासून

हा नियम मोबाईलपेक्षाही जुना आहे. १९६० च्या सुमारास अमेरिकेत प्रवासी एफएम रेडिओ घेऊन विमानात बसू लागले. रेडिओ फक्त ऐकायचं काम करतो असं वाटतं, पण स्टेशन पकडण्यासाठी त्याच्या आत स्वतःची एक लहर तयार होते. ती लावलेल्या स्टेशनपेक्षा साधारण १०.७ मेगाहर्ट्झने वर असते. म्हणजे १०० चं स्टेशन लावलं की आत ११०.७ ची लहर. वैमानिकाला दिशा दाखवणारी यंत्रं नेमकी १०८ ते ११८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात. १९६३ मध्ये यावर अभ्यास अहवाल आला आणि १९६६ मध्ये अमेरिकेने नियम केला. कानाचं मशीन, हृदयाचा पेसमेकर आणि दाढीचं इलेक्ट्रिक मशीन यांना तेव्हाच सूट दिली होती.

मोबाईल नेमकं काय करतो?

जुना टू-जी फोन रेडिओ किंवा स्पीकरजवळ ठेवला की कॉल यायच्या आधी 'टर्र-टर्र' आवाज यायचा, हे अनेकांना आठवत असेल. फोनची लहर स्पीकरच्या वायरमध्ये शिरल्यामुळे तो आवाज होतो. तशीच खरखर वैमानिकाच्या हेडफोनमध्ये येऊ शकते. विमान उतरत असताना नियंत्रण कक्षाचा एक शब्द जरी नीट ऐकू आला नाही, तरी अडचण होते.

फोर-जी फोनची ताकद टू-जीपेक्षा बरीच कमी आहे. मोबाईलचे पट्टे विमानाच्या यंत्रांच्या पट्ट्यांपासून वेगळे ठेवलेले असतात. मोठ्या विमानातल्या वायरिंगलाही बाहेरच्या लहरींपासून संरक्षण दिलेलं असतं. त्यामुळे धोका कमी होतो, पण शून्य होत नाही. टॉवर दूर गेला की फोन पूर्ण जोर लावून नेटवर्क शोधतो आणि एका विमानात असे शंभर-दीडशे फोन असतात.

दुसरी अडचण जमिनीवरची आहे. उंचावरच्या फोनची लहर एकाच वेळी अनेक टॉवरना लागते. टॉवरवर हा ताण नको म्हणून अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने १९९१ मध्ये उडत्या विमानातून मोबाईल वापरायला बंदी घातली.

आजवर काय घडलं?

जून २००३ मध्ये न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चजवळ रात्री धुक्यात एक छोटं विमान कोसळलं. दहापैकी आठ जण गेले. शेवटची सुमारे तीन मिनिटं वैमानिकाचा स्वतःचा मोबाईल कॉलवर जोडलेला होता. वैमानिकाने उंचीकडे पुरेसं लक्ष ठेवलं नाही, असं चौकशीत म्हटलं गेलं. फोनमुळे यंत्राने चुकीचं दाखवलं असण्याची शक्यताही नोंदवली गेली, मात्र ती सिद्ध झाली नाही.

२०१४ मध्ये अमेरिकेने बोईंग ७३७ आणि ७७७ च्या तेराशेहून जास्त विमानांमधले कॉकपिटचे काही डिस्प्ले बदलायचा आदेश दिला. वाय-फायच्या चाचणीत त्या पडद्यांवर परिणाम दिसला होता.

मग नियम सैल कसे झाले?

विमानं तपासून पाहिल्यावर ऑक्टोबर २०१३ मध्ये अमेरिकेने पूर्ण प्रवासात फ्लाइट मोडवर फोन वापरायला वाट मोकळी केली. आपल्याकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, एप्रिल २०१४ मध्ये तशी परवानगी दिली. सोय असलेल्या विमानात आता वाय-फायही मिळतं. भारतात त्यासाठी विमान ३,००० मीटरच्या वर असावं लागतं.

विमानतळाजवळ ५जी टॉवरला अट का?

विमानात रेडिओ अल्टिमीटर नावाचं यंत्र असतं. ते ४,२०० ते ४,४०० मेगाहर्ट्झची लहर जमिनीवर सोडतं आणि परत येणाऱ्या लहरीवरून उंची मोजतं. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेत त्याच्या जवळच्या पट्ट्यात ५जी सुरू होणार होतं, तेव्हा एअर इंडियासह काही कंपन्यांनी तिकडची विमानं रद्द केली. भारतात ५जीचा पट्टा ३,३०० ते ३,६७० मेगाहर्ट्झ, म्हणजे थोडा लांब आहे. तरी नोव्हेंबर २०२२ मध्ये दूरसंचार विभागाने काळजी म्हणून कंपन्यांना अट घातली : धावपट्टीच्या दोन्ही टोकांपासून २.१ किलोमीटर आणि मध्यरेषेपासून ९१० मीटरपर्यंत या पट्ट्यातले टॉवर नकोत. विमानतळाला लागून असलेल्या गावात ५जीची रेंज कमी मिळण्यामागे हेही कारण असू शकतं.

लहरीपेक्षा बॅटरीची काळजी जास्त

फोन आणि पॉवर बँकमधली लिथियम बॅटरी दबली, फुटली किंवा शॉर्ट झाली तर पेट घेते. केबिनमध्ये धूर लगेच दिसतो आणि आग विझवता येते. खाली सामानाच्या कप्प्यात ती उशिरा कळते. म्हणूनच पॉवर बँक चेक-इन बॅगेत चालत नाही.

प्रवासात हे लक्षात ठेवा

• विमानाचं दार बंद व्हायच्या आधी घरी फोन करून घ्या, मग फ्लाइट मोड लावा. या मोडमध्ये फोटो काढता येतात, डाउनलोड केलेले व्हिडिओ आणि गाणी चालतात.

• कर्मचाऱ्यांनी फोन पूर्ण बंद करायला सांगितलं तर बंदच करा. धुक्यात विमान उतरताना असं सांगितलं जाऊ शकतं.

• पॉवर बँक हातातल्या बॅगेत ठेवा. १०० वॉट-तासांपर्यंतची चालते. नेहमीची २०,००० एमएएचची पॉवर बँक साधारण ७४ वॉट-तासांची असते. विमानात ती वापरता येईल का, हे आधी विचारून घ्या.

• फोन सीटच्या फटीत पडला तर सीट मागे-पुढे करू नका, बॅटरी चिरडू शकते. कर्मचाऱ्यांना हाक मारा.

• फोन गरम झाला, फुगला किंवा त्यातून वास आला तर लपवू नका, लगेच सांगा.

विमान उडताना आणि उतरताना वैमानिकाचं सगळं लक्ष यंत्रांवर आणि कानात येणाऱ्या सूचनांवर असतं. तेवढ्या वेळात त्याच्या कामात जराही अडथळा नको, यासाठीच फ्लाइट मोड आहे.