विल्यम हॉलचीं चार पदकें

सैनिकाच्या छातीवरील पदकें पाहून आपण कौतुक करतों. पण तीं वाचतां आलीं, तर त्यांत सबंध चरित्र सांपडतें. विल्यम हॉल या कृष्णवर्णीय खलाशाचें उदाहरण घेऊं. त्याचे आईबाप १८१२ च्या युद्धकाळीं अमेरिकेंतील गुलामगिरींतून सुटून ब्रिटिश जहाजांच्या आश्रयानें नोव्हा स्कोशियांत आले. तेथें १८२७ सालीं तो जन्मला आणि १८५२ सालीं ब्रिटिश आरमारांत दाखल झाला.

पहिलें पदक क्रिमियन युद्धाचें. त्याच्या फितीवर धातूच्या दोन पट्ट्या आहेत: इंकरमान आणि सेबास्टपोल. ‘रॉडने’ जहाजावरील जे खलाशी जमिनीवर उतरून लढले, त्यांत हॉल होता. दुसरें पदक त्याच युद्धाबद्दल तुर्कस्तानच्या सुलतानाकडून आलेलें.

तिसऱ्याचा संबंध आपल्या देशाशीं आहे. १८५७ च्या ऑगस्टांत ‘शॅनन’ जहाज कलकत्त्यास आलें. कॅप्टन पील यांनीं त्यावरील अवजड तोफा गंगेच्या मार्गानें अलाहाबादेस व पुढें लखनौवर नेल्या. या पदकावरील दोन्ही पट्ट्या लखनौच्याच. डिसेंबरांत कानपुरास हेंच पथक तात्या टोपे यांच्या सैन्याशीं लढलें. परंतु त्या लढाईची पट्टी सरकारनें काढलीच नाहीं. पदकें कांहीं गोष्टी गाळतात, त्या अशा.

चौथें पदक व्हिक्टोरिया क्रॉस. १६ नोव्हेंबर १८५७ रोजीं लखनौस शाह नजफ या जाड भिंतींच्या कबरस्थानावर हल्ला झाला. तोफ भिंतीजवळ नेतांच आंतून गोळ्यांचा वर्षाव सुरू झाला. गोलंदाज एकामागून एक पडले. जखमी लेफ्टनंट यंग आणि हॉल एवढेच उरले. तरी दोघांनीं तोफ भरणें व डागणें थांबविलें नाहीं. १८५९ सालीं आयर्लंडांतील क्वीन्सटाउन बंदरांत हॉलला हा क्रॉस मिळाला. त्या काळीं आरमारी क्रॉसची फीत निळी असे.

ज्याच्या आईबापांचें दास्य ब्रिटिश जहाजांमुळें सुटलें, तो त्याच निशाणाखालीं परसत्ता झुगारूं पाहणाऱ्यांवर तोफ डागत होता. त्याच्या धैर्याविषयीं शंका नाहीं; पण भिंतीआडून झुंजणाऱ्यांचें धैर्यहि तितकेंच खरें होतें, आणि त्यांच्यासाठीं कोणीं पदक पाडलें नाहीं.

१८७६ सालीं हॉल निवृत्त झाला व गांवीं शेती करूं लागला. १९०४ मध्यें तो वारला, तेव्हां त्याच्या थडग्यावर नांवाचा दगडहि नव्हता. १९४५ सालीं त्याच्या अस्थि हँट्सपोर्ट येथें सन्मानानें पुरण्यांत आल्या.