द्वारा ५६ एपीओ

शाळेत आपण लढाया सनावळीसकट पाठ केल्या. सेनापती आणि तह आजही आठवतात. त्या लढायांत फौजेबरोबर गेलेल्या मुलकी नोकरांचा उल्लेख मात्र पुस्तकांत क्वचितच सापडे. आपल्यापैकी काही जण टपाल खात्यात गेले, काही सैन्यात. या दोन्ही खात्यांना जोडणाऱ्या लष्करी टपालसेवेची हकिकत म्हणूनच या स्मरणिकेसाठी लिहीत आहे.

नोव्हेंबर १८५६ मध्ये मुंबईहून एक फौज जहाजांनी इराणच्या बुशहरकडे निघाली. हिंदी फौजेचे पहिले फील्ड पोस्ट ऑफिस याच मोहिमेबरोबर गेले. पुढे १९०० च्या चीन मोहिमेत आणि पहिल्या महायुद्धात ही पद्धत रुळली. १९१४ साली भारतीय तिकिटांवर ‘आय. ई. एफ.’ अशी अक्षरे छापून ती परदेशी गेलेल्या फौजेसाठी वापरली गेली. फ्रान्स असो की मेसोपोटेमिया, तुकडीमागोमाग टपालाचे थैले जात. घरचे पत्र आले नाही तर शिपायाचे चित्त थाऱ्यावर राहत नाही, हे वरिष्ठांना चांगले ठाऊक होते.

फौजेबरोबर जाणाऱ्या सगळ्यांच्याच वाट्याला सारखी व्यवस्था आली नाही. एप्रिल १९१६ मध्ये मेसोपोटेमियातील कुट येथे वेढ्यात सापडलेल्या सैन्याने शरणागती पत्करली. त्यात आपल्याकडच्या मराठा पलटणी होत्या. कैद झालेल्या सुमारे १३,००० जणांत ३,००० हून अधिक भिस्ती, स्वयंपाकी, सफाईवाले असे अनुयायी होते. शिपायासारखेच हाल त्यांनी सोसले, पण शिपायाचा दर्जा आणि पगार त्यांना नव्हता. संकट सारखे आणि हक्क वेगळे, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

टपालसेवेने त्याचे एक उत्तर शोधले. टपाल खात्यातला इच्छुक कर्मचारी प्रतिनियुक्तीवर सैन्यात जातो. नागपूरजवळ कामठीच्या केंद्रात त्याला लष्करी प्रशिक्षण मिळते. अंगावर गणवेश चढतो, हुद्दा मिळतो आणि लष्करी शिस्त लागू होते. मूळ खात्यातील नोकरीवरचा त्याचा हक्क शाबूत राहतो आणि मुदत संपली की तो पुन्हा आपल्या जागी रुजू होतो. युद्धभूमीवर पाठवलेल्या माणसाला तिथे मान हवा आणि परत आल्यावर हक्काची जागा हवी. या दोन्ही गोष्टींची हमी असली, तरच असे काम मनापासून होते.

स्वातंत्र्यानंतरही हे टपाल सैन्याबरोबर फिरत राहिले. १९५३ मध्ये कोरियात गेलेल्या आपल्या दलासाठी तिकिटांवर ‘भारतीय संरक्षा कटक कोरिया’ असे देवनागरीत छापले होते. १ मार्च १९७२ रोजी आर्मी पोस्टल सर्व्हिस स्वतंत्र कोर झाली. त्याच वर्षी १५ ऑगस्टला पिनकोड आला. तो तयार करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपले मराठी माणूस आणि संस्कृत कवी. त्यांच्या रचनेत ९ हा अंक सैन्याच्या टपालासाठी राखला गेला.

‘द्वारा ५६ एपीओ’ हा पत्ता अनेकांनी पाकिटावर लिहिला असेल. त्यात गावाचे नाव नसते. मुलगा लडाखला आहे की आणखी कुठे, हे आईला पत्त्यावरून कळत नसे, पण पत्र त्याच्यापर्यंत जाई. दिल्लीच्या तळ टपाल कार्यालयात थैले निवडले जात आणि तिथून पुढे त्या त्या तुकडीच्या फील्ड पोस्ट ऑफिसकडे रवाना होत. पत्ता गुप्त राखायचा आणि पत्र पोहोचवायचे, ही कसरत रोज चाले.

आपल्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी टपाल, तारायंत्र, रस्तेबांधणी किंवा वैद्यकीय कामासाठी सीमेवर गेले असतील, तर त्यांनी आपली आठवण दोन पाने का होईना, लिहून ठेवावी. पदके आणि स्मारके बहुधा लढणाऱ्यांच्या वाट्याला येतात आणि ते योग्यच आहे. मागचा थैला उचलणाऱ्याची नोंद मात्र त्याने स्वतः किंवा त्याच्या सोबत्यांनीच करायची असते.