नवापूरची बर्ड फ्लू साथ व प्रयोगशाळेतील जैवसुरक्षा

नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर हे गुजरातच्या सीमेलगतचे कुक्कुटपालन केंद्र. 2006 च्या आरंभी येथील कोंबड्या मोठ्या संख्येने मरू लागल्या, तेव्हा प्रथम परिचित राणीखेत रोगाचाच संशय आला. भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळेतील तपासणीनंतर 18 फेब्रुवारी रोजी बर्ड फ्लूच्या एच5एन1 विषाणूचे निदान जाहीर झाले. या रोगाची ही भारतातील पहिली नोंद होय.

नमुने इतक्या दूर नेण्याचे कारण विषाणूच्या स्वरूपातच आहे. माणसास तो क्वचितच बाधतो, पण बाधल्यास बहुधा प्राणघातक ठरतो. शिवाय निदानाच्या निश्चितीसाठी तो जिवंत भ्रूण असलेल्या अंड्यांत वाढवितात. म्हणजे तपासणीसाठी धोकाच अनेक पटींनी वाढवावा लागतो. म्हणून अशा कक्षातील हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी ठेवतात. त्यामुळे दार उघडले तरी हवा आतच ओढली जाते. बाहेर सोडावयाची हवा सूक्ष्म गाळण्यांतून जाते, सांडपाणी उष्णतेने निर्जंतुक करतात व कर्मचारी स्नान करूनच बाहेर पडतात. ही यंत्रणा खर्चिक खरी. परंतु नमुना कोंबड्यांच्या शेडवरच गळतीरोधक नळीत, शोषक द्रव्यासह तिहेरी वेष्टनात बंद झाला नसेल, तर तिचा उपयोग मर्यादितच राहतो.

साथीच्या परिसरातील माणसांचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत तपासण्यात आले; त्यांत लागण आढळली नाही. सर्वोच्च, म्हणजे चौथ्या, जैवसुरक्षा स्तराची प्रयोगशाळा या संस्थेत 2012 मध्ये सुरू झाली. फेब्रुवारी 2021 मध्ये नवापुरात बर्ड फ्लू पुन्हा उद्भवला, तेव्हाही पक्ष्यांचे नमुने भोपाळलाच पाठविण्यात आले.