साठ रुपयांचा चाकू, अडीच हजारांचा चाकू आणि आबांचा चाकू



आज खत-फवारणीचं काही नाही. आज खिशातल्या चाकूबद्दल लिहितोय. जरा लांबलंय, पण बाहेर पाऊस धरून बसलाय, वाचून काढा.

मागल्या श्रावणातली गोष्ट. ओढ्याकडेच्या बांधावर कालवड बांधली होती. पाय घसरून ती खाली गेली आणि दाव्याचा फास गळ्याला बसला. दावं नायलॉनचं, त्यात भिजलेलं. गाठ सुटायचं नाव घेईना. कालवडीचे डोळे फिरायला लागले. खिशातून चाकू काढला. आठवडी बाजारात पालावरून साठ रुपयाला घेतलेला, लाल प्लॅस्टिकच्या मुठीचा. गळा आणि दावं यांच्यामध्ये टोक घुसवायला जोरात रेटलं. टोक अडलं आणि पातं उलटं फिरून मिटलं ते माझ्या उजव्या तर्जनीवर.

डाव्या हाताने कसंबसं दावं कापलं. कालवड वाचली, आता गाभण आहे. माझ्या बोटाला पाच टाके पडले. आतली शीर दुखावली ती कायमची. बोट पुरतं वाकत नाही. धार काढताना रोज आठवण होते.

दिवाळीला पुतण्या आला. कंपनीत चांगल्या पगारावर आहे. त्याने लाल रंगाचा, पांढऱ्या क्रॉसचा स्विस चाकू आणला. म्हणाला, "तात्या, तुमचा तो साठ रुपयांचा फेकून द्या आता. हा वापरा." किंमत विचारली तर अडीच हजार. मी म्हटलं, "अरे, एवढ्यात युरियाच्या नऊ गोण्या येतात की." तो हसला. पण मला झोप लागेना. खरंच आपण चाकूच्या बाबतीत चुकतोय का? स्वस्त घ्यावा का महाग? त्यातून वाचायला बसलो आणि बरंच सापडलं.

आधी आपल्याकडचं सांगतो, कारण ते आपल्यालाच माहीत नसतं.

दख्खनमध्ये पूर्वी जे पोलाद व्हायचं त्याला दक्षिणेत उक्कू म्हणत. इंग्रजांनी त्याचं वूट्झ केलं. लोखंडाचे तुकडे आणि झाडाचा पाला-लाकूड मातीच्या मुशीत बंद करायचं, भट्टीत तासन् तास तापवायचं आणि सावकाश थंड होऊ द्यायचं. त्यात कार्बन दीड टक्क्याच्या आसपास उतरे. आजच्या तेलंगणातलं कोनासमुद्रम हे गाव त्यासाठी प्रसिद्ध होतं. इराणचे व्यापारी तिथे येऊन माल घेऊन जात. दमास्कसच्या तलवारींचा एवढा गाजावाजा झाला, त्यांच्या पोटात हे आपल्या बाजूचं पोलाद होतं.

१७९४ मध्ये मुंबईत कंपनी सरकारच्या नोकरीतल्या डॉ. हेलेनस स्कॉट यांनी या पोलादाचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना पाठवले. १७९५ मध्ये जॉर्ज पियर्सन यांनी त्यावर निबंध वाचला. निबंधाच्या नावातच ‘मुंबईत तयार होणारं पोलाद’ असा उल्लेख आहे. आणि तपासणीसाठी त्यातून काय बनवलं? तर एक छोटा पेन-चाकू! जेम्स स्टोडार्ट नावाच्या लंडनच्या कारागिराने तो घडवला. तो त्याला इतका पसंत पडला की पुढे त्याने आपल्या दुकानाच्या जाहिरातीत लिहिलं, की युरोपातल्या उत्तम पोलादापेक्षा मला हे हिंदुस्थानी पोलाद जास्त आवडतं. याच स्टोडार्टबरोबर पुढे १८२० च्या सुमारास मायकेल फॅरेडे यांनी पोलादावर प्रयोग केले. विजेवरच्या शोधांसाठी ज्यांचं नाव शाळेत शिकलो ते फॅरेडे हेच.

म्हणजे मंडळी, सव्वादोनशे वर्षांपूर्वी जगात भारी चाकू म्हणजे आपल्या पोलादाचा चाकू होता. नंतर कारखान्यातलं स्वस्त विलायती पोलाद जहाजं भरभरून यायला लागलं, कोळशासाठीचं जंगल सरकारच्या ताब्यात गेलं आणि मुशीवाल्यांच्या भट्ट्या विझल्या.

आता पुतण्याच्या स्विस चाकूची गोष्ट. ती ऐकून मला त्या चाकूबद्दल आदर वाटायला लागला.

स्वित्झर्लंडच्या फौजेला शिपायासाठी घडीचा चाकू हवा होता. जेवणाचा डबा उघडायला आणि नव्या रायफलीचे स्क्रू सोडायला. १८९१ मध्ये पहिला माल आला तो जर्मनीतल्या झोलिंगेन गावातून, कारण देशात एवढा चाकू करणारं कोणी नव्हतं. ईबाख गावच्या कार्ल एल्सेनर यांना ते लागलं. त्यांनी १८८४ मध्ये आपली कार्यशाळा काढली होती. देशातल्या कारागिरांना एकत्र करून त्यांनी हे काम हाती घेतलं. पण झोलिंगेनचा माल कारखान्यातला, म्हणून स्वस्त. भाव परवडेना म्हणून बाकीचे कारागीर एकेक करून निघून गेले. एल्सेनर कर्जात बुडाले, नातेवाईकांनी सावरलं म्हणून वाचले. मग १८९७ मध्ये त्यांनी हलका, जास्त हत्यारांचा ‘अधिकारी चाकू’ काढला. हा फौज देत नव्हती, अधिकारी स्वतःच्या पैशाने घेत. त्यावर धंदा उभा राहिला. आई वारल्यावर १९०९ मध्ये तिचं व्हिक्टोरिया हे नाव मालाला दिलं, आणि १९२१ मध्ये न गंजणाऱ्या पोलादाचं ‘इनॉक्स’ त्याला जोडलं. झालं व्हिक्टोरिनॉक्स.

शिपायाचा साधा आणि साहेबाचा भारी, हा भेद तिथेही सुरुवातीपासूनच आहे बघा.

त्याच काळात शेजारच्या फ्रान्सच्या डोंगरात, साव्हॉय भागात, जोसेफ ओपिनेल नावाचा अठरा वर्षांचा पोरगा होता. बापाचं शेतीची हत्यारं करायचं काम. कुऱ्हाडी, कोयते. म्हणजे आपल्याकडचं लोहाराचं घर म्हणा ना. १८९० मध्ये त्याने शेतकऱ्याच्या आणि गुराख्याच्या खिशाला परवडेल असा चाकू काढला. लाकडाची गोल मूठ, एक पातं, एक खिळा. बास. १८९७ मध्ये त्याचे लहान-मोठे बारा नंबर केले. १९५५ मध्ये त्याच घरातल्या मार्सेल ओपिनेल यांनी मुठीच्या तोंडाला फिरतं लोखंडी कडं बसवलं. पातं उघडून कडं फिरवलं की पातं जागचं हलत नाही.

हे वाचलं आणि मी उठून पुतण्याचा अडीच हजारांचा चाकू हातात घेतला. पातं उघडून लाकडावर टोक रेटून बघितलं. स्प्रिंग कडक आहे, पण जास्त जोर दिल्यावर पातं मिटायला लागलं! त्याला लॉक नाही. त्यांच्या मोठ्या आकाराच्या काही चाकूंना असतं, पण या नेहमीच्या खिशातल्या आकाराला नसतं. म्हणजे त्या दिवशी साठ रुपयांच्या जागी अडीच हजारांचा असता तरी माझं बोट धोक्यातच होतं. आणि गुराख्यासाठी काढलेल्या साध्या लाकडी मुठीच्या चाकूला मात्र लॉक आहे. स्वस्त-महाग या प्रश्नातला माझा अर्धा गुंता इथेच सुटला.

उरलेला अर्धा आबांच्या चाकूने सोडवला.

आबांचा चाकू अजून घरात आहे. गावच्या लोहारमामांनी मोटारीच्या जुन्या पाट्याच्या तुकड्यातून घडवलेला, बाभळीच्या मुठीचा. माझ्या जन्माआधीचा. पातं झिजून निम्मं राहिलंय, पण अजून कागद कापतो. त्यालाही लॉक नाही. आबांना तो कधी लागला नाही, कारण ते म्हणायचे, "चाकू ओढायचा असतो, रेटायचा नसतो. रेटायला विळा आहे, कोयता आहे." हे मला माहीत असून मी त्या दिवशी रेटलं. तेव्हा चूक निम्मी चाकूची आणि निम्मी माझी.

या चाकूचे आबांनी रोख पैसे दिलेच नव्हते. लोहारमामा बलुतेदार. वर्षभर फाळ शेवटायचा, विळे-खुरपी पाजवायची आणि सुगीला खळ्यावर येऊन भात न्यायचं. ही पद्धत कशी चालायची हे त्रिं. ना. आत्रे यांनी १९१५ च्या ‘गावगाडा’ पुस्तकात लिहून ठेवलंय. यातली खुबी अशी, की वाईट हत्यार दिलं तर ते दुसऱ्या दिवशी परत लोहाराच्याच दारात. कच्चं पाणी दिलं, पातं वाकलं, तर तोंड चुकवायला जागा नाही. म्हणून फुकटात मिळालेला चाकूसुद्धा पक्का.

पण हे फार गोड करून सांगणार नाही. साल वाईट गेलं की आपणच लोहाराच्या सुपात कमी टाकायचो. चांगलं भात घरात, हलकं त्याला. आबांनी हे स्वतः कबूल केलं होतं. पिंपरी-चिंचवडला कारखाने आले तशी लोहारमामांची मुलं तिकडे गेली, आणि ती शहाणपणाने गेली. भाता विझला तो कारखान्याने एकट्याने नाही विझवला. एल्सेनरला नातेवाईकांनी सावरलं, आमच्या लोहाराला आम्ही नाही सावरलं. आता पालावरचा साठ रुपयांचा चाकू घेतो आणि बोट कापल्यावर विचारायचं कोणाला हे कळत नाही. त्यावर ना नाव, ना गाव. पुतण्याने अडीच हजार दिले त्यातले बरेचसे या नावा-गावाचे आहेत. कोणीतरी जबाबदार आहे, एवढ्याचे.

मग आता काय करायचं? मी जे ठरवलं ते सांगतो.

१. रोजच्या खिशाला लॉकचा चाकू. गोणीची शिवण उसवायची, सुतळी, ठिबकची नळी, मल्चिंगचा कागद, भाताचा पोंगा सुकला की चूड उपटून खोड उभं चिरून आत अळी बघायची, एवढीच कामं. चारेकशे रुपयांचा घेतलाय. हरवला तर रात्री झोप लागेल एवढ्याच किमतीचा असावा.

२. विकत घेताना दुकानातच उघडा. पातं डावी-उजवीकडे हलतं का बघा. लॉक लावून, बोटं पात्याच्या वाटेतून बाजूला ठेवून, पात्याची पाठ हळूच लाकडावर दाबा. मिटलं तर तिथेच परत ठेवा.

३. कलमाला मात्र कंजुषी नको. कलमाचा चाकू वेगळा, एका बाजूने सपाट, दुसऱ्या बाजूने धार. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने आंब्याचं कोय कलम कोकणात रुजवलं, त्यात सगळा खेळ एका ओढीत होणाऱ्या स्वच्छ कापाचा आहे. बोथट पात्याने साल फाटते, जोड बसत नाही. इथे महाग चाकू दोन हंगामांत पैसे फेडतो. तो गोणी फाडायला वापरू नका, आणि झाड बदलताना स्पिरिटने पुसा.

४. आपला पाऊस ध्यानात घ्या. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पडतो, आपल्याकडे त्याहून कमी पण ओल तीच. साध्या पोलादाला धार लवकर लागते पण रात्रीत गंज चढतो. पुसून खोबरेल तेलाचं बोट फिरवायची सवय असेल तर ते घ्या, नसेल तर स्टेनलेस.

५. बटण दाबून फटकन उघडणारा चाकू बाळगू नका. रामपूरच्या कारागिरांची कला मोठी, पण सिनेमाने तिला गुंडांच्या हातात दिलं. शस्त्र कायद्याच्या नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची गोष्ट आहे आणि शेतीच्या हत्यारांना त्यातून सूट आहे. पण सणासुदीला, निवडणुकीला पोलिसांचे मनाईचे आदेश निघतात, त्यात चाकूही येतो. तेव्हा पुण्याला लोकलने जाताना तो घरी खुंटीला.

६. आणि सगळ्यात आधी निसणा घ्या. चांगला दगड दोनशे-तीनशेला मिळतो. धार गेलेला अडीच हजारांचा चाकू धारेच्या साठ रुपयांच्या चाकूपुढे हरतो. बोथट पात्याला जोर लावावा लागतो, आणि जोर लावला की तो घसरून हातावर येतो.

पुतण्याचा चाकू मी परत दिला नाही, पोराने प्रेमाने आणलाय. तो पंपाच्या स्टार्टरच्या पेटीजवळ ठेवलाय. त्यातला स्क्रू-ड्रायव्हर रोज लागतो. शिपायाच्या रायफलीसाठी काढलेलं हत्यार आमच्या मोटारीला उपयोगी पडतंय.

आबांच्या चाकूला मात्र नवीन खिळा मारायचाय, पातं ढिलं झालंय. बेगडेवाडीपासून तळेगावपर्यंत विचारलं, सगळे म्हणतात नवीन घ्या. आपल्या मावळात अजून भाता पेटवणारा कोणी लोहार असेल तर गावाचं नाव तेवढं कळवा. येताना रोख पैसे घेऊन येईन, आणि मागेल तेवढे देईन.