प्रीतीची व्याप्ती : टिळक दांपत्य आणि ‘देवाचा दरबार’

ख्रिस्ती धर्मग्रंथाच्या मराठी भाषांतरांत ग्रीक ‘आगापे’ या शब्दास ‘प्रीति’ हा प्रतिशब्द रूढ झाला. शब्द जुनाच, परंतु लौकिक काव्यात तो बहुधा प्रियजनांपुरता वावरत आला होता. त्याची व्याप्ती परक्यापर्यंत आणि वैऱ्यापर्यंत न्यावयाची, हे काम कोशाने होण्यासारखे नव्हते. एका मराठी कुटुंबात ते कसे घडले, याची साक्ष लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’त (१९३४–३७) मिळते.

नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईस बाप्तिस्मा घेतला आणि पतिपत्नींची ताटातूट झाली. काही वर्षांनी लक्ष्मीबाई पतीच्या सहवासात परतल्या, तरी त्यांचे सोवळे सुटले नव्हते. अन्नपाण्याची व्यवस्था निराळीच राहिली. म्हणजे समाजास दुभंगणारी रेषा आता एकाच घरातून जात होती. टिळक स्वभावाने उतावळे; तथापि धर्मांतराची सक्ती त्यांनी पत्नीवर केली नाही. जातिभेद ईश्वराने नव्हे, मनुष्याने निर्मिला आहे, असा निर्णय बाईंनी स्वतःच्या विचाराने केला, आणि मग कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्यास त्या सिद्ध झाल्या. बाप्तिस्मा मागाहून, १९०० साली झाला. हा क्रम चरित्रकारांच्या नजरेतून सहज निसटतो. वस्तुतः सारे मर्म त्यातच आहे. पंक्तिभेद आधी गेला, धर्म नंतर बदलला.

टिळकांपुढील प्रश्न पुढे अधिक बिकट झाला. ज्या विधीने बंधुत्वात प्रवेश मिळावयाचा, तोच आप्तांपासून आणि समाजापासून तोडणारी भिंत ठरत होता. शिवाय मिशनच्या छत्राखालील जीवनास विदेशी वळण लागलेले. १९१७ साली मिशनची चाकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापिला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तानुयायी एकत्र यावेत, अशी योजना होती. नावाची निवडही बोलकी आहे. चर्चसाठी ‘मंडळी’ हा शब्द रूढ असता टिळकांनी तो घेतला नाही. फारसीतून येऊन मराठीत पूर्ण मुरलेला ‘दरबार’ त्यांनी पसंत केला. मंडळीला सभासद असतात, दरबारात कोणीही फिर्याद घेऊन उभा राहू शकतो.

बाप्तिस्म्याचे महत्त्व यामुळे उणावेल, ही शंका अगदीच निराधार म्हणता येणार नाही. तिचा निकाल अनुभवाने लागावयाचा होता. तेवढा अवधी मिळाला नाही. मे १९१९ मध्ये मुंबईस टिळकांचे निधन झाले, आणि त्यांच्या पश्चात दरबार फार काळ टिकला नाही.