गाडीच्या छताचं कापड लोंबतंय? फायबरच्या टपाला अस्तर लावण्याआधी हे वाचा

भिवंडी : जुन्या जीपवरचा फायबरचा टप असो की हौसेनं बनवून घेतलेली फायबर बॉडीची गाडी, काही उन्हाळे गेले की आतल्या छताचं कापड लोंबायला लागतं. ते डोक्याला घासतं आणि आरशात मागचं दिसत नाही, त्यामुळे अपघाताचा धोकाही वाढतो. गोव्यात 1990च्या दशकाच्या अखेरीस आलेली 'सॅन स्टॉर्म' ही दोन सीटची गाडी फायबरग्लास बॉडीचीच होती. अशा गाड्यांचं आतलं काम पत्र्याच्या गाडीपेक्षा वेगळं असतं.

कापड का सुटतं?
बहुतेक वेळा दोष कापडाचा नसतो. कापडामागचा पातळ फोम उष्णता आणि दमट हवेनं कुजून त्याची भुकटी होते. त्यावरच पुन्हा सोल्युशन मारलं तर पैसे वाया जातात. जुना फोम पूर्ण खरवडून काढावाच लागतो.

कापड कोणतं घ्यावं?
भिवंडीच्या धामणकर नाक्यावर उतरलं की कापडाला तोटा नाही. पण यंत्रमागावरचं कापड उभ्या-आडव्या धाग्यांचं असल्यानं फारसं ताणत नाही, त्यामुळे टपाच्या गोलाईत चुण्या पडतात. छतासाठी होजिअरीसारखं विणलेलं, मागे साधारण 3 मिमी फोम असलेलं कापड मागा. सपाट दरवाजाच्या पॅनेलला मात्र रेक्झिन चालतं.

काम कसं करतात?
- फायबरची आतली बाजू खडबडीत असते. ती पॉलिश पेपरनं घासून थिनरनं पुसतात. घासताना काचेचे बारीक तंतू उडतात. मास्क, चष्मा आणि पूर्ण बाह्यांचे कपडे हवेतच.
- उष्णता झेलणारं सोल्युशन टप आणि फोम दोन्हींना लावतात. बोटाला ओलं लागेनासं झालं की मधून कडेकडे दाबत कापड बसवतात.
- टपाला आरपार भोकं पाडू नका, पावसाळ्यात तिथूनच पाणी शिरतं.
- दरवाजाच्या प्लायमागे प्लास्टिकचा कागद लावून घ्या, नाहीतर प्लाय फुगतो.
- भरावासाठी थर्माकोल नको, सोल्युशननं तो विरघळतो.

सुरक्षेचं काय?
सोल्युशनची वाफ पेट घेते. बंद गाळ्यात काम करू नये, जवळ विडी-सिगारेट किंवा वेल्डिंग नको. गाडीच्या आतल्या कापड-फोमच्या ज्वलनशीलतेसाठी आयएस 15061 हे भारतीय मानक आहे. दुकानदाराला त्याबद्दल विचारा. कंपनीच्या गाडीत छताच्या कडेला एअरबॅग असेल तर तिथलं काम अधिकृत सर्व्हिस सेंटरलाच द्या. कडेचं कापड चिकटवून टाकलं तर ऐन अपघातात एअरबॅग नीट उघडणार नाही.

पैसे देण्याआधी कुशनवाल्याला एकच प्रश्न विचारा : "जुना फोम पूर्ण काढणार ना?" उत्तर "वरूनच चिकटवू" असं आलं, तर दुसरं दुकान बघा.